भोपाळचे दावेदार

भोपाळच्या जुन्या शहरातील कितीतरी घरांत प्लॅस्टिकची एक पिशवी वर्षानुवर्षे जिवापाड जपलेली आढळते. तीत दागिने नसतात. दवाखान्याच्या पिवळ्या पडलेल्या चिठ्ठ्या, शिधापत्रिकेची प्रत, बँकेचे पासबुक, दाव्याच्या अर्जाची पावती आणि न्यायालयाची तारीख लिहिलेली नोटीस, एवढाच तिचा ऐवज. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री आपण या शहरात होतो, तो विषारी वायू आपल्या श्वासात गेला आणि त्याने आपल्याला इजा झाली, या तीन गोष्टी सिद्ध करणारी कागदपत्रे जमविण्यात त्या घराची दहा-दहा, वीस-वीस वर्षे खर्ची पडलेली असतात. त्या भयंकर रात्रीची हकिगत पुष्कळदा सांगितली गेली आहे. त्यानंतर सरकारने मदतीचे व भरपाईचे वाटप कसे केले, खरा पीडित आणि खोटा दावेदार यांची पारख कशी केली, आणि त्या पारखीत काय हाती लागले व काय निसटले, ही हकिगत मात्र तितकीशी सांगितली जात नाही.

युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून त्या मध्यरात्री सुमारे ४० टन मिथाइल आयसोसायनेट बाहेर पडले. वारा शहराच्या दिशेने वाहत होता. कारखान्यासमोरील जयप्रकाश नगर, काझी कॅम्प, छोला, रेल्वे वसाहत अशा दाट आणि गरीब वस्त्यांवर तो ढग उतरला. त्या वेळी भोपाळची लोकसंख्या सुमारे ८ लाख ३२ हजार होती. शहराच्या ५६ प्रभागांपैकी ३६ प्रभाग पुढे वायुग्रस्त ठरविण्यात आले, आणि त्यांत सुमारे ५ लाख २० हजार माणसे राहत होती. हमीदिया रुग्णालयात त्या पहाटे जी झुंबड उडाली, तीत डॉक्टरांनी डोळ्यांत औषध घालावे, की रोग्याचे नाव, पत्ता व वय लिहून घ्यावे? त्यांनी डोळ्यांत औषध घातले, आणि ते योग्यच केले. परंतु पुढे जेव्हा प्रत्येकाकडे पहिल्या दिवसांतील उपचाराचा कागद मागण्यात आला, तेव्हा ज्यांची स्थिती सर्वांत वाईट होती अशा अनेकांपाशी तो नव्हता. कित्येक मृतदेह तर नोंदीवाचूनच दफन झाले वा चितेवर चढले.

सरकारी मदतीला आरंभ झाला तो मोफत धान्याने व रोख रकमेने. ज्या कुटुंबांत मृत्यू घडला होता त्यांना १० हजार रुपये, आणि ज्या कुटुंबाचे मासिक उत्पन्न ५०० रुपयांहून कमी होते त्याला १,५०० रुपये, असा राज्य सरकारचा निर्णय होता. उत्पन्नाची ही मर्यादा कागदावर स्वच्छ दिसते. तथापि हातगाडी ओढणारा हमाल, घरी बसून विड्या वळणारी स्त्री किंवा जरीकाम करणारा कारागीर, यांचे उत्पन्न कोणत्या वहीत लिहिलेले असते? ते सांगतील तेच खरे मानणे किंवा ते सांगतील ते सर्व खोटे मानणे, एवढेच दोन मार्ग कारकुनापुढे उरतात, आणि कारकून दुसऱ्या मार्गाकडे झुकला तर त्यात नवल नाही. अपात्राला पैसे दिल्याबद्दल त्याला जाब विचारला जाऊ शकतो. पात्र माणूस रिकाम्या हाताने परत गेला, म्हणून सहसा कोणी विचारत नाही.

येथे मुंबईशी संबंध असलेली एक गोष्ट नमूद केली पाहिजे. १९८५ च्या आरंभी मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेच्या पुढाकाराने समाजकार्याचे शेकडो विद्यार्थी भोपाळमध्ये घरोघर फिरले आणि त्यांनी सुमारे २५ हजार कुटुंबांची पाहणी केली. घरात कोण कोण होते, कोण गेले, कोणाला काय त्रास होतो, कोणाची मजुरी बुडाली, याची ती विचारपूस होती. दुर्घटनेला तेव्हा जेमतेम महिना उलटला होता. भरपाई मिळणार की नाही, मिळाली तर किती, कोणत्या आजाराचा काय दर, हे कोणालाच ठाऊक नव्हते. खोटे बोलून काय मिळवायचे हेच माहीत नसेल, तर माणूस खोटे कशाला बोलेल? सत्य गोळा करण्याची याहून चांगली वेळ पुन्हा आली नाही. ही पाहणी साऱ्या वायुग्रस्त वस्त्यांत पुरी करून प्रत्येक घराला तिची एक प्रत दिली असती, तर पुढील वीस वर्षांचे कितीतरी कष्ट वाचले असते. परंतु दाव्यांच्या निवाड्याचा पाया म्हणून ती कधी उभी राहिली नाही.

मार्च १९८५ मध्ये संसदेने भोपाळ वायुगळती दाव्यांसंबंधीचा कायदा केला. त्याने पीडितांच्या वतीने दावा लढविण्याचा एकमेव अधिकार भारत सरकारकडे आला. पालकाने अज्ञान मुलाच्या वतीने उभे राहावे तसे सरकार उभे राहिले. अमेरिकेतील वकिलांचे थवे तोवर भोपाळच्या गल्ल्यांतून वकीलपत्रांवर अंगठे घेत फिरू लागले होते, हे ध्यानात घेतले म्हणजे या कायद्याची निकड पटते. परंतु त्यातून सरकारवर दोन परस्परविरोधी कामे येऊन पडली. कंपनीपुढे 'पीडित अगणित आहेत' असे त्याने सांगायचे, आणि त्याच पीडितांपुढे 'तुम्ही खरे पीडित कशावरून?' असे त्यानेच विचारायचे.

या दुसऱ्या प्रश्नासाठी जी वैद्यकीय तपासणी झाली, तिचे आकडे मुळातून पाहण्यासारखे आहेत. प्रत्येक दावेदाराची एक फाइल तयार करण्यात आली. १९९० च्या अखेरीपर्यंत सुमारे ३ लाख ६० हजार जणांची अशी नोंद झाली होती. त्यांपैकी १ लाख ५५ हजारांवर लोकांना 'इजा नाही' असे ठरविण्यात आले. १ लाख ७३ हजारांची इजा 'तात्पुरती' ठरली. आणि साऱ्या शहरात कायमचे पूर्ण अपंगत्व आलेली माणसे किती आढळली? ४०. हा आकडा सर्वोच्च न्यायालयापुढेही मांडण्यात आला. फुप्फुसे करपलेला मनुष्य तपासणीच्या दिवशी टेबलापर्यंत चालत गेला, एवढ्यानेही त्याचे दुखणे कागदावर हलके होत असे. शिवाय पहिल्या दिवसांच्या उपचाराचा कागद नसेल, तर आजचा खोकला वायूचा की क्षयाचा, की गिरणीच्या धुळीचा, असा संशय तपासणाऱ्याला घेता येई.

तोतयाची पारख मराठी माणसाला अपरिचित नाही. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंचे नाव सांगणारा तोतया उभा राहिला आणि १७७६ मध्ये त्याला देहान्त शासन मिळेपर्यंत पुण्याच्या दरबाराला त्याने किती हैराण केले, हे शाळेतील मुलेही जाणतात. मात्र तेथे पारखायचा होता एकच माणूस, आणि भाऊसाहेबांना जवळून पाहिलेली माणसे हयात होती. लाखो माणसांची पारख करावयाची झाली की सरकारला एखादी सर्वसाधारण कसोटी शोधावी लागते. आपल्याकडे ती प्रथम मोठ्या प्रमाणावर वापरली गेली दुष्काळात. १८७६-७८ च्या दुष्काळात सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामावरील मजुरी दिवसाला जेमतेम एक रत्तल धान्यापर्यंत उतरविली. कामाची जागा गावापासून लांब असावी, काम कष्टाचे असावे, म्हणजे खरा भुकेला तेवढाच येईल, असा हिशेब होता. दक्षिणेतील मजुरांनी ती कामे सोडून दिली, आणि गणेश वासुदेव जोशी व न्यायमूर्ती रानडे यांच्या सार्वजनिक सभेने ही मजुरी माणसाला जगवण्यास पुरी पडत नाही, हे सरकारच्या कानी घातले. महाराष्ट्राने १९७७ साली केलेल्या रोजगार हमीच्या कायद्यात त्याच कसोटीचे सौम्य आणि माणुसकीचे रूप दिसते. जो अंगमेहनतीला तयार आहे त्याला काम द्यायचे, त्याच्या गरिबीचा दाखला मागायचा नाही.

दुष्काळाच्या या कसोटीत कितीही क्रूरता असली, तरी एक गोष्ट होती. भूक आज आहे, आणि तिची परीक्षाही आजच घ्यायची आहे. भोपाळमध्ये तसे नव्हते. जे घडले ते एका रात्रीत घडले आणि परीक्षा मात्र पाच, आठ, बारा वर्षांनी. ज्याची फुप्फुसे गेली आहेत त्याला खडी फोडायला लावून त्याचा खरेपणा ठरविता येत नाही. मग उरतो तो कागद. आणि कागदाचा गुण असा, की ज्याच्यापाशी तो नाही त्याला तो विकत मिळू शकतो.

१४ फेब्रुवारी १९८९ रोजी सर्वोच्च न्यायालयात ४७ कोटी डॉलरांची तडजोड झाली. तेव्हाच्या दराने ती रक्कम सुमारे ७१५ कोटी रुपये होती. त्यापूर्वी, १७ डिसेंबर १९८७ रोजी, भोपाळचे जिल्हा न्यायाधीश एम. डब्ल्यू. देव यांनी कंपनीने ३५० कोटी रुपये अंतरिम मदत म्हणून द्यावेत असा हुकूम दिला होता. उच्च न्यायालयाने एप्रिल १९८८ मध्ये ती रक्कम २५० कोटींवर आणली, कंपनी अपिलात गेली, आणि पीडितांच्या हाती त्यातून काही पडले नाही. माणसे मरत असताना पुराव्याची वाट पाहत बसू नये, हा न्यायाधीश देव यांच्या हुकमातील विचार मात्र पुढे उपयोगी पडला.

तडजोडीचा पाया असलेल्या अंदाजात सुमारे ३ हजार मृत्यू, ३० हजार कायमचे अपंगत्व, आणि सारे मिळून सुमारे १ लाख ५ हजार पीडित धरलेले होते. एकदा रक्कम ठरल्यावर कंपनीचा संबंध संपला. दावेदाराला खोटे ठरवण्यात आता कंपनीला काही लाभ नव्हता. तिच्या जागी सरकारच खजिनदार होऊन बसले. टोपलीत भाकरी ठरावीक, आणि रांगेचा शेवट दिसत नाही, अशा वेळी वाढप्याचा हात आपोआप आखडतो. शिवाय एका पीडिताला शेजारचा पीडित वाटेकरी दिसू लागला. ज्या गल्लीने त्या रात्री एकत्र धाव घेतली, तीत 'याला मिळाले, मग मला का नाही?' ही कुजबुज सुरू झाली. फसव्या दाव्यांची चर्चा सर्वांत अधिक कटू झाली ती सरकारी कचेरीपेक्षा अशा अंगणांतच.

याच काळात एक वेगळी वाटही चोखाळली गेली. अब्दुल जब्बार यांच्या नेतृत्वाखाली पीडित स्त्रियांची संघटना यादगार-ए-शाहजहानी उद्यानात दर शनिवारी जमत असे. अशा संघटनांनी अंतरिम मदतीची मागणी लावून धरली. २२ डिसेंबर १९८९ रोजी घटनापीठाने १९८५ चा कायदा वैध ठरविताना तीच गोष्ट सरकारला बजावली. १९९० मध्ये विश्वनाथ प्रताप सिंह यांच्या सरकारने ३६ प्रभागांतील रहिवाशांना माणशी दरमहा २०० रुपये तीन वर्षे देण्याचे ठरविले. त्यासाठी ३६० कोटी रुपये काढून ठेवण्यात आले. कसोटी एकच, त्या प्रभागातील रहिवास. इजेचा पुरावा मागितला गेला नाही. या पद्धतीने काही निरोगी माणसांनाही पैसे मिळाले असतील, नव्हे, मिळालेच असणार. उरलेल्या २० प्रभागांनीही आपला समावेश करण्याची मागणी केली. परंतु वाटप सुरू झाले, आणि ज्याच्यापाशी चिठ्ठी नव्हती त्याच्याही घरी महिन्याचे पीठमीठ पोहोचले. साऱ्या वाटपात एवढाच भाग असा होता, की ज्यात दलालाला फारसा वाव नव्हता.

दलालाचा खरा हंगाम आला तो १९९२ नंतर, दावा-न्यायालये बसली तेव्हा. प्रथम मृत्यूचे दावे आणि मागोमाग इजेचे. दावेदाराने नोटीस घेऊन यायचे, आपली ओळख पटवायची, कागद दाखवायचे, न्यायाधीशाच्या प्रश्नांना उत्तरे द्यायची. ज्याने जन्मात न्यायालय पाहिले नाही अशा माणसाच्या मदतीला दाराशी कोणीतरी उभा असेच. तो अर्ज भरून देई, तारीख लवकर लावून देण्याची हमी देई, गरज पडल्यास जुन्या तारखेचा औषधोपचाराचा कागदही मिळवून देई, आणि मिळणाऱ्या रकमेत आपला हिस्सा ठरवून घेई. खऱ्या पीडितालाही आपले खरे दुखणे सिद्ध करण्यासाठी खोटा कागद घ्यावा लागे, ही या कारभारातील सर्वांत विचित्र गोष्ट होय. असा कागद पकडला गेला म्हणजे त्याचे खरे दुखणेही खोट्यात जमा होई. उलट ज्याला काहीच झाले नव्हते परंतु ज्याच्या गाठीला पैसा होता, त्याचे कागद चोख असत. कोणत्याही तपासनिसाला चोख कागदच अधिक पटतात.

१९९६-९७ मध्ये पुन्हा नवे अर्ज घेण्यात आले. सर्व मिळून दाव्यांची संख्या १० लाख २९ हजारांवर गेली. दुर्घटनेच्या वेळी साऱ्या शहरात माणसे होती ८ लाख ३२ हजार. हे दोन आकडे शेजारी ठेवून भोपाळकरांना लबाड ठरविण्याचा मोह पुष्कळांना झाला. परंतु एकाच घरातून मृत्यूचा एक, इजेचे चार आणि नुकसानीचा आणखी एक असे निरनिराळे दावे होऊ शकत होते. पहिल्या फेरीत ज्यांची दाद लागली नाही त्यांनी दुसऱ्या फेरीत पुन्हा अर्ज करणेही स्वाभाविक होते. खोटे दावे होते यात शंका नाही. ते लाखोंनी होते असे मात्र या वजाबाकीवरून सिद्ध होत नाही.

निकाल लागले ते असे. सुमारे ५ लाख ७४ हजार दावे मान्य झाले आणि साडेचार लाखांवर फेटाळले गेले. सरकारने २०१० मध्ये न्यायालयापुढे ठेवलेल्या आकड्यांनुसार मृत्यू ५,२९५, कायमचे अपंगत्व ४,९०२, तात्पुरते अपंगत्व ३५,४५५, अत्यंत गंभीर ४२ आणि किरकोळ इजा ५,२७,८९४. तडजोडीच्या वेळचा अंदाज आठवावा. मृत्यू अंदाजापेक्षा कितीतरी अधिक निघाले, आणि कायमचे अपंग मात्र अंदाजाच्या सहाव्या हिश्शाएवढेच. ज्या वायूने इतकी अधिक माणसे मारली, त्याने जिवंत राहिलेल्यांना इतके कमी जायबंदी केले, यावर विश्वास ठेवणे कठीण आहे. दहांतील नऊ पीडित ज्या 'किरकोळ' रकान्यात गेले, तेथे दर होता २५ हजार रुपये. त्यातून अंतरिम मदतीची रक्कम वजा झाली, आणि बहुतेकांच्या हाती १५ हजारांच्या आसपास रुपये आले. दहा-बारा वर्षांच्या विलंबाबद्दल व्याज नाही.

यानंतर जे घडले ते कोणाच्याही ध्यानीमनी नव्हते. कंपनीने दिलेली रक्कम रिझर्व्ह बँकेत डॉलरमध्ये ठेवलेली होती. १९८९ मध्ये डॉलर सुमारे १५ रुपयांचा होता. २००४ मध्ये तो ४५ च्या आसपास पोहोचला. त्यात व्याजाची भर. दाव्यांचा निवाडा जवळजवळ संपला तरी खात्यात सुमारे १,५०० कोटी रुपये शिल्लक होते. भाकऱ्या पुरणार नाहीत म्हणून हात आखडला, आणि पंगत उठल्यावर पाहिले तर जितक्या वाढल्या तितक्याच टोपलीत उरलेल्या! १९ जुलै २००४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही शिल्लक मान्य झालेल्या दावेदारांतच वाटून देण्याचा आदेश दिला. ज्याला पहिल्या वेळी जेवढी रक्कम मंजूर झाली होती तेवढीच त्याला पुन्हा मिळाली. खोट्या कागदावर ज्याने पहिल्या वेळी पैसे मिळविले असतील, त्यालाही ती दुप्पट झाली. ज्याचा खरा दावा कागदाअभावी फेटाळला गेला, त्याला दोन्ही वेळा काही नाही. सुक्याबरोबर ओले जळते असे आपण म्हणतो. येथे ओले जळाले, आणि सुक्यापैकी काही सुखरूप राहिले.

जून २०१० मध्ये फौजदारी खटल्याचा निकाल लागला, शिक्षा हलकी वाटून देशभर संताप झाला, आणि केंद्र सरकारने पुन्हा सानुग्रह रकमा जाहीर केल्या. मृत्यूला १० लाख, कायमच्या अपंगत्वाला ५ लाख, कर्करोग किंवा मूत्रपिंड निकामी झाल्यास २ लाख, तात्पुरत्या अपंगत्वाला १ लाख, आणि त्यांतून पूर्वी मिळालेले वजा. 'किरकोळ' रकान्यातील पाच लाखांना यातून काही मिळाले नाही. त्यामुळे पूर्वी कोण कोणत्या रकान्यात पडला होता, याला पुन्हा महत्त्व आले. ज्या बाईचा नवरा १९९० मध्ये वायूच्या दुखण्याने गेला, पण ज्याचा दावा 'मृत्यू' न मानता 'इजा' मानून निकालात काढला गेला, तिच्यापुढे पंचवीस हजार आणि दहा लाख यांमधील अंतर उभे राहिले. रुग्णालयांच्या प्रमाणपत्रांची छाननी पुन्हा सुरू झाली. आता तर दुर्घटनेला २६ वर्षे झाली होती.

अधिक भरपाईसाठी केंद्र सरकारने डिसेंबर २०१० मध्ये केलेली याचिका सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने १४ मार्च २०२३ रोजी फेटाळली. तडजोड इतक्या वर्षांनी पुन्हा उघडता येत नाही, आणि रक्कम अपुरी पडली असेल तर ती भरून काढण्याची जबाबदारी सरकारची होती, असे न्यायालयाचे म्हणणे पडले. रिझर्व्ह बँकेत ५० कोटी रुपये अजून पडून होते. ते प्रलंबित दावे चुकते करण्यासाठी वापरावेत, असा आदेश त्याच निकालात आहे.